खोली नंबर नऊ

माझं काम तसं सोपं.
चार चिमटे हातापायांना, सहा वाट्या छातीवर,
खाली थोडी गार जेली.
हलू नका, बोलू नका म्हणायचं,
की गुलाबी पट्टी सरसरत बाहेर येते.

चौदा वर्षं झाली, भांडुपला, पालिकेच्या दवाखान्यात.
पुरुष शर्ट काढून आधीच आडवे झालेले असतात.
बायका विचारतात, दाराला कडी आहे ना?
मंगळसूत्र काढावं लागेल का?
लवकर होईल ना? पीठ मळून आलेय.

आपल्या भाषेत बाईचं काळीज किती काम करतं.
पोराला ताप आला की त्याचं पाणी होतं,
लेकीचा फोन आला की तुटतं,
कुणी टाकून बोललं की घरं पडतात त्याला.
मुंबईत फुकट मिळणारी घरं तेवढी हीच.
पण छातीत दुखतंय माझ्या,
एवढं तीन शब्दांचं वाक्य
तिच्या तोंडून निघत नाही.
पित्त असेल, म्हणते.
घरचे म्हणतात, बायकांचं असतंच काहीतरी.

कुमुद खांबे दर तीन महिन्यांनी यायची,
नवऱ्याला घेऊन.
टेंभीपाड्याच्या डोंगरावरून, एकशे बारा पायऱ्या.
साडीच्या दुकानाच्या पिशवीत त्याची फाइल,
तारखेनुसार लावलेली.
त्याच्या गोळ्यांची नावं तिला पाठ,
रंगसुद्धा.
मी त्याला वाट्या लावायचे,
ती भिंतीला टेकून उभी.

एका शनिवारी बघितलं,
ती जबडा दाबून धरतेय.
पंखा चालू होता, तरी ब्लाउज घामानं काळा.
काय होतंय?
दाढ, म्हणाली. मागच्या महिन्यात काढली,
तरी तिथंच दुखतंय बघा.
तिथं म्हणजे कुठं?
जिथं दाढ नाही, तिथं.
आणि पायऱ्या चढताना जास्त.

नवरा बटणं लावत होता.
मी त्याला म्हटलं, बाहेर बसा.
तिला म्हटलं, झोपा.
पण केसपेपर यांच्या नावाचा आहे,
ती म्हणाली. अजून उभीच.
झोपा म्हटलं ना.

पट्टी आली.
वाचायचं काम माझं नाही, डॉक्टरांचं,
पण चौदा वर्षांत
रेघ कुठे खाली बसलीय ते
माझ्यासारखीलाही दिसतं.
मी पट्टी घेऊन जिन्यावरून धावले,
चपला तिथंच राहिल्या.
ॲम्ब्युलन्स एलबीएसला अडकली
तेव्हा ती विचारत होती म्हणे,
यांची दुपारची गोळी कोण देईल?

त्यानंतर मी एका जुन्या कॅलेंडरच्या मागं
मार्करनं लिहून दारावर लावलं:
जबडा, पाठ, खांदा. घाम. दम.
मळमळ. कारण नसताना थकवा.
दाढ वाटली तरी सांगा.
साहेबांनी विचारलं, कुणाच्या परवानगीनं?
काढलं. सोमवारी पुन्हा लावलं.
हल्ली ते तिकडे बघत नाहीत.
रांगेतल्या बायका मात्र
बोट ठेवून ठेवून वाचतात,
एखादी मधेच थांबते
एका शब्दावर.

परवा कुमुदताई आल्या.
बारीक झाल्यात. स्टेंट दोन.
पिशवी तीच, पण फाइल नवी,
वर त्यांचं नाव, त्यांच्याच अक्षरात,
खांबेमधला बे जरा मोठा झालेला.
नवरा बाहेर बाकावर, गोळ्यांची चिठ्ठी वाचत.

पट्टी निघाली, बरी होती.
पदर सावरता सावरता म्हणाल्या,
बाई, तुमची काढली का हो कधी?
मी हसले.
बाहेर पंधराजणी आहेत, म्हटलं.
पुढच्या आठवड्यात बघू.
त्यांनी माझ्याकडे बघितलं,
मी त्या शनिवारी त्यांच्याकडे बघितलं होतं तसं.

मग पिशवी स्टुलावर ठेवली.
तुमच्या त्या दुसऱ्या बाईंना हाक मारते, म्हणाल्या,
आणि रांग मी बघते.
दाराला कडी आहे ना?

मी घड्याळ काढलं.
जेली खरंच फार गार असते.